चालत्या गाडीचा फोटो

कॅमेरा पिशवीत घाला आधी — घाला, घाला, मंग बसा त्या स्टुलावर. तुमच्यावर राग न्हाय आपला, तुमी काल आलेली पोरं, पण ज्या पेपरातून आलात ना, त्या पेपरात मी भजीसुद्धा बांधून घेत न्हाय. आता सत्याण्णव साली तुमाला बॅटरीची गाडी आठवली! परवा अर्धं पान रंगीत — परदेशातली गाडी, धूर न्हाय, आवाज न्हाय, काय ते कवतिक! आणि आमच्या केसरीनाथदादानं दहा वर्षांपूर्वी हितं, धामणकर नाक्यावर, याच दुकानात तशी गाडी केली, तवा तुमच्या पेपरनं काय छापलं? 'बॅटरीची गाडी, माणसांची हमाली.' पाठ हाय मला.

दादा म्हंजे कोण, तर कापडाच्या लूमच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारा माणूस. मी लहानू, त्याचा हाताखालचा. तार गुंडाळून गुंडाळून बोटं वाकडी झाली त्याची, पण डोकं! जुन्या गाडीचा सांगाडा, कशेळीच्या भंगारातली मोटार, ट्रकच्या बॅटऱ्या — आठ का दहा? दहा. शुक्रवारी लूम बंद, रस्ता मोकळा, म्हणून शुक्रवार धरला. नारळ फोडला, मी मागं, पुढं दादाच्या शेजारी वज्रेश्वरीचा एक लॉजवाला — म्हातारी माणसं गुडघे धरत गरम पाण्याच्या कुंडावर येतात ना, त्यांना न्यायला त्याला दोन गाड्या पाहिजे व्हत्या. वज्रेश्वरीला गेली साहेब, आणि परत आली! चाळीस किलोमीटरच्या वर! आंबाडीला म्हशी आडव्या बसलेल्या, उठंनात — आवाजच न्हाय गाडीला, त्यांना कळंल कसं? दादा इतका हसला, इतका हसला, तसा हसताना परत न्हाय बघितला मी त्याला.

आणि मंग उगवला तुमचा फोटोवाला. दोन तास लेट. दादा लॉजवाल्याला घरी जेवायला घेऊन गेलेला, किल्ली खिशात. हा बोलतो, 'चालती गाडी पाहिजे, उभ्या गाडीचा फोटो कोण छापतो?' मी बोललो, दादाला येऊ दे. तर बोलतो टाइम न्हाय, ठाण्याची बस जाईल. मंग? मंग काय, ढकलली. — कोणी म्हंजे? असतील नाक्यावरची दोन-तीन माणसं! दादा तर आजपण सांगतो, पेपरवाल्यांनीच हमाल आणले व्हते पैसे देऊन. मी मान हलवतो. दहा वर्षं मान हलवतोय.

असं काय बघताय? — हां, मीच! फोटोत ढकलणारा तो पट्ट्यापट्ट्याचा शर्ट माझा. आणि डोकंपण माझंच! मीच बोललो, किल्ली न्हाय तर ढकलतो, चाकं फिरली की फोटोत चालतीच दिसंल. तो बोलला, मान खाली घाला, मागची माणसं कापून टाकू. त्या भाड्यानं गाडी कापली न् आमची ढुंगणं ठेवली! एका शब्दानं विचारलं दादाला? लॉजवाल्याला? अरे, म्हशींना तरी विचारायचं! फोटोच्या खाली ही मोठी पेट्रोलच्या स्कूटरची जाहिरात. लॉजवाला स्वतः बसून गेलेला-आलेला, पण तोपण बोलला, 'नको केसरीनाथ, लोक हसतील.' स्वतःच्या ढुंगणाखालची गाडी खोटी, पेपरातली खरी! नाक्यावर पोरं दादाला विचारायची, 'काका, धक्का मारू का?' महिन्याभरात गाडी भंगारात घातली त्यानं. बॅटऱ्या मीच काढून दिल्या.

शेवंता, माझी बायको, तिनं फोटोतला शर्ट वळखला. बोलली, आत्ताच्या आत्ता दादांना सांगा, चूक केली, पाप न्हाय केलं. मी बोललो, उद्या सांगतो. लाज वाटली हो. आणि उद्या सांगितलं न्हाय, तर परवा कुठल्या तोंडानं सांगणार?

खरं छापता म्हणता? छापा ना! मला बरंच वाटंल, दादाला नाक्यावरून मान वर करून चालू दे की. गेली, आली, सगळं छापा — फक्त ढकलणारा कोण ते सोडा. — का न्हाय? त्या फोटोचा खुलासा लागंल? साक्षीदाराचं नाव लागंल? वा रे वा! बदनामी करायला न्हाय लागलं कोणाचं नाव, आता खऱ्याला नाव पाहिजे! — आवाज कशाला चढवता, मी बघतोय ना विचार करून...

न्हाय. न्हाय जमणार. तुमी बसलात ना, त्याच स्टुलावर रोज दुपारी बसतो तो. माझ्या डब्यातली भाकरी खातो, आणि त्या हमालांना शिव्या देतो. नका छापू. गाडी चाललीच न्हाय असं समजा.

वही मिटा. — मिटा म्हणतो ना, आला तो!

या दादा, या. कोण हे? कोण न्हाय हो, कशेळीला जायचंय त्यांना, रस्ता चुकलेत. समोर शेअर रिक्षा मिळंल, साहेब. जा.