मनोऱ्यावरचं बघणं

—व्हय व्हय, त्योच! ती शाळंची पोरं हसत उतरली न्हवं, ‘मिशीवालं आजोबा जिन्यात अडकलंय’ म्हनत — ते आमचं मालक. आप्पासो. साताऱ्याचं रिटायर फौजी. बसा की पावनं, बाकडं काय माझ्या बापाचं न्हाई. तुमी न्हाई गेलासा वर? बरं केलंसा. मी अर्ध्यातनं आले. म्हनलं, पानी आनते तुमास्नी. पानी कसलं, हसू येत हुतं वो! त्येंच्या तोंडावर कसं हसायचं?

तसं चढलं झोकात. जिन्यात हुतात्म्यांच्या नावाच्या पाट्या हायत न्हवं, पाटी आली की थांबायचं, नाव वाचायचं, कडक सॅल्यूट. लोकास्नी वाटलं, काय मानूस हाय! मला ठावं, दम खात्यात. मंग आली ती खिडकी. खाली बघितलं — पायाखाली कृष्णामाई! तसं गजाला जे मिठी मारून बसल्यात! कोन इचारलं तर म्हनत्यात, ‘हुतात्म्यांचं चिंतन चाललंय.’ डोळं झाकून! मागं सहलीची रांग तुंबलीया, एक बाई म्हनली, ‘आजोबा, चिंतन जरा कडंला करा की.’

फौजी आन् भ्या? — आवं, फौज बी कसली! सगळी नोकरी सपाटीला गेली, रेशनच्या गुदामावर, बटाट्याच्या पोत्यात. पर गावात सांगत्यात बर्फाच्या गोष्टी — मिशीवर बर्फ, चहाचा खडा व्हायचा, दातानं फोडायचा. आन् घरात बल्ब गेला की स्टुलावर मी. ह्ये खालनं स्टूल धरनार, ते बी डोळं झाकून. अजिंक्यतारा घरामागं हाय, जल्मात चढलं न्हाईत, खालनंच मुजरा! — कुनाला सांगू नका हां. तुमी परकं मानूस म्हनून बोलते.

मंग आलोच कशाला? आवं, आज आमच्या प्रियंकाचं बघनं हाय! घ्या, पेढा घ्या. कंदी पेढं पावन्यांसाठनंच आनल्यात, पर पावनं कुठं दिसत्यात? पोराकडच्या बाया गेल्या वर, पोरगं वर, माझी पोरगी वर. पोराचा बाप तेवढा गाडी लावाय गेलाय म्हनं — तवापास्नं लावतोयच! गाडी लावतोय का इमान? समदा घोळ ह्या दोन बापांचाच. फोनवर आमचं मालक म्हनलं, ‘मनोऱ्यावरच भेटू, मला उंची म्हंजी घरचं अंगान.’ त्यो कडेगावचा दादासो काय कमी? म्हनला, ‘मी डोंगरावरच्या पवनचक्कीच्या टोकावर बसून भाकरी खाल्लीया.’ पवनचक्कीवर भाकरी! पात्यानं कालवन ढवळलं असंल. — हसताय काय, ठसका लागला बघा. पानी घ्या. घ्या घ्या, त्येंचंच हाय, त्येंला काय आता घोट जातोय हुय?

आन् खरं सांगू? बघनं निस्तं नावाला. ती दोघं कवापास्नं ह्याच बागंत बसत्यात भडंग खात. मला पोरीनं सांगितलं, पोरानं म्हनं आईला सांगितलंय. दोन्ही बापांना पत्ता न्हाई! आज दोघं ‘तुमचं शिक्षन काय, तुमास्नी सैपाक येतो का’ इचारनार. पोरगं लय गुनाचं, हां. निस्ता त्येचा बाप फुशारक्या मारतोय आन् म्हनं तापट हाय. लगीन मोडलं तर पोरगी माझी अन्न सोडंल वो, त्येचीच धास्ती हाय जिवाला. — असं बघताय काय माझ्याकडं? पेढा आनखी घ्या. — फोन वाजतोय तुमचा. घ्या की. दिसत न्हाई का बिनचष्म्याचं? आना, वाचते. ऋ...षि...राज —

आवं.

आमच्या पावन्याच्या पोराचं बी नाव —

तुमी... कडेगावचं? दादासो? पवन...चक्की?

गाडी लावाय गेलासा न्हवं तुमी?

...अगं बया.

न्हाई न्हाई, उटू नका! रागावला? न्हाई? मंग मनोऱ्याकडं बघून डोळं का झाकलं? — वर जायचं म्हनून? तुमास्नी बी? मागं आला हुता तवा पयल्या खिडकीपास्नंच म्हागारी? देवा! आन् भाकरी? पवनचक्कीच्या खाली बसून! व्हय, सावली बरी पडत असंल.

ऐका. वाजू दे, कापू नका. तुमी पोराकडचं. तुमी म्हनला तर समदा मनोरा खाली यील. उचला आन् सांगा — ‘वर वारं लय, बायास्नी सोसायचं न्हाई, खालीच बसू.’ आमच्या मालकास्नी बी निरोप धाडा, ‘दादासोंचा हट्ट हाय, तुमास्नी यावंच लागंल.’ पावन्याच्या हट्टाखातर उतरलं की त्येंची मिशी ताठ, तुमची बी ताठ. आन् पोरं हितं भडंग खात्यात त्ये तुमास्नी ठावं न्हाई, कळलं? मान हलवू नका निस्ती, तोंडानं व्हय म्हना. — पोरगी पसंत हाय न्हवं? बघितली न्हाई तर काय झालं? पोरानं बघितलीया की!

बोला... हां... जोरात बोला, हुकूम सोडा... शाब्बास.

ह्ये बघा, मालक निघालं, जिन्याच्या दारातनं दिसत्यात! बसून बसून उतरत्यात, एकेक पायरी. शेवटच्या पायरीला उभं ऱ्हातील बघा. — ऱ्हायलं! टोपी बी नीट केली. आता आल्यावर सांगतील, ‘वरनं पार मिरज दिसत हुती.’ तुमी फकस्त म्हनायचं, ‘व्हय, मला बी दिसली हुती मागं.’

आलं आलं! पुसा ते पेढ्याचं तोंड. आन् उटा हितनं, त्या तिकडच्या बाकड्यावर जावा बघू — आपली अजून वळख व्हायची हाय!