बाबांचे निळे ओठ

बाबांच्या निळ्या ओठांचं सांगितलं का रे तुम्हाला? गळाला लावायचे लाकडी मासे मी घरीच बनवतो, माहितीये ना. मुलुंडच्या फ्लॅटची बाल्कनी म्हणजे माझं वर्कशॉप. ते एअरब्रशने, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनने, रंगवायला रविवारी बाबांनाही शिकवलं. परवा ऑफिसातून घरी येतो, तर बाबा सोफ्यावर आडवे. ओठ निळे, नखंही निळी! गेल्याच वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. माझी तर वाटच लागली.

"बाबा, दम लागतोय?"

"नाही रे, ते..."

"बोलू नका अजिबात!"

तसंच त्यांना रिक्षात घातलं नि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छाती तपासली, मग ऑक्सिजन बघायला बोट स्पिरिटने पुसलं. कापूस निळा झाला, बोट गुलाबी.

"काका, हे काय?"

"रंग हो! एअरब्रशचं तोंड तुंबलं, म्हणून मी फुंकून बघितलं. हा मला बोलू देईल तर ना!"

मी तिथेच स्टुलावर मटकन बसलो. हसू आणि रडू एकदमच आलं यार. बाबा मात्र डॉक्टरांना विचारतायत, "हे स्पिरिट थोडं देता का? ते अजून तुंबलेलंच आहे."