पालथा रांजण

शालिग्राम : आधी फाटक लाव, बाई. रस्त्यावरून सारं दिसते.

सोजराबाई : फाटक लावलं तं गफ्फारची जीप आत कशी येईन? ते राहू दे. मोतीरामले उताना नको ठेवू, कुशीवर कर. पाय धर त्याचे.

शालिग्राम : मरन हा. आपल्या अंगनात मरन. भगवंतरावच्या वावरात फवारनी केली यानं, अन् मराले आपल्या दारात आनून टाकलं त्या कुलदीपनं.

सोजराबाई : टाकलं नाई. पाठीवर घेऊन आला तो. त्याच्या बापाच्या वावरातून आपलंच घर जवळ पडते. आता जीप आनाले गेला. प्राची फोनवर काय म्हने, ते पुन्ना सांग. भेवानं माह्या कानात काईच राह्यलं नाई.

शालिग्राम : म्हने, "मामा, इकडं आनाच्या आधी त्याचे सारे कपडे काढा. फवाऱ्याचं औषध कातड्यातून मुरते. साबन लावून भरपूर पान्यानं धुवा. तोंडात काई घालू नका, दूध नाई, लिंबू नाई. हाताले प्लास्टिकची पन्नी गुंडाळा." तुही लेक नर्स झाली, बुलढान्यात बसून सांगाले तिचं काय जाते?

सोजराबाई : मंग हाताले पन्नी बांध अन् बादली आन.

शालिग्राम : बाई, पानी नको.

सोजराबाई : काऊन?

शालिग्राम : काऊन म्हनतं? ख्रिस्ती मानसाच्या अंगनात, दिवसाढवळ्या, परक्या मानसाले उघडं करून डोक्यावर पानी ओताचं? जानारा-येनारा काय म्हनन? बाप्तिस्मा देऊन राह्यले म्हनन. अन् हा मेला तं म्हनतीन, बाटवून मारला.

सोजराबाई : बाप्तिस्म्याले कपड्याच्या साबनाची वडी लागते काय बे?

शालिग्राम : हासू नको.

सोजराबाई : हासून नाई राह्यली. दात वाजून राह्यले माहे. गुंड्या काढ त्याच्या. बोलाचं ते हात चालवत बोल.

शालिग्राम : नाताळात काय झालं, विसरली? आपून गरिबाले चार घोंगड्या वाटल्या, तं हाच कुलदीप पोरं घेऊन आला होता. "घोंगडीत मानसं इकत घेता काय?" म्हने. प्रार्थनाघराची घंटा काढून उकिरड्यावर फेकली. मी हात जोडले म्हनून तेवढ्यावर भागलं.

सोजराबाई : हात जोडून काय कबूल केलं, तेई बोल.

शालिग्राम : हेच का, कोन्या परक्याले फाटकाच्या आत घेनार नाई.

सोजराबाई : अन्?

शालिग्राम : अन् काय?

सोजराबाई : घोटभर पानी बी देनार नाई, असंई म्हनला तू. दाराआड मीच होती, कडी धरून. मले वाटलं, आता दार मोडतीन. दुसऱ्या दिवशी तू फाटकापासचा रांजन पालथा केला, तव्हाई मी तुले अडवलं नाई. सदरा ओढ. सांभाळून. पंप गळत होता वाटते, पाठ सारी भिजली याची.

शालिग्राम : लय उग्र वास हाय, बाई.

सोजराबाई : तोंड तिकडं कर. तुले आठवते काय रे, मायनं तो रांजन धाड गावच्या बाजारातून बैलगाडीत आनला होता? खाली गवत घालून, सारी वाट त्याले धरून बसली होती. मिशनच्या मडमबाईचा टांगेवाला थांबे, मेंढीवाले थांबत. मायनं कोनाले जात इचारली नाई. "पानी पेनाऱ्याचं नाव इचारू नाई," म्हने. फवारेवाले बी दुपारी तिथंच हात धुवत अन् मंग भाकर सोडत.

शालिग्राम : भगवंतरावची विहीर हाय नं?

सोजराबाई : ती वावराच्या दुसऱ्या टोकाले. एवढ्या उन्हात पाठीवर पंप घेऊन कोन जाते तिथं? आज खिडकीतून पाह्यलं मी याले. वावराच्या धुऱ्यावर बसून तशाच हातानं भाकर खाल्ली यानं. रांजनाकडं पाह्यलं, पालथा दिसला, अन् गेला. आन ती बादली.

शालिग्राम : बाई, माह्यानं नाई होत. माहे हात कापून राह्यले.

सोजराबाई : कापत्या हातानं आन. सांडलं तं सांडू दे, सांडाचंच हाय.

शालिग्राम : हे घे. देवाचं नाव तरी मोठ्यानं घेऊ नको. रस्त्यावर दोन मानसं उभी राह्यली बरं.

सोजराबाई : पाहू दे. मोतीराम, ए मोतीराम! आवाज येते काय माहा? घाबरू नको रे बाप्पा, पानी हाय. शालू, साबन दे. मानेपासचं लय धुवा लागन. ह्या बीटी कपाशीले फवाराच लागनार नाई म्हनत होते सारे! आपल्या येळची कपाशी मांडीएवढी राहे. ही पाह्य, मानसाच्या डोक्यावर गेली. वर फवारलं का सारं तोंडावरच येते.

शालिग्राम : डोळे कसे झाले त्याचे. बाहुली टाचनीच्या डोक्याएवढी. बाई, आपून प्रार्थना करू. डोळे मीट.

सोजराबाई : डोळे मिटून हा सुटन हातातून. तू मीट, मी उघडे ठेवतो.

शालिग्राम : मले प्रभूची प्रार्थनाच आठवून नाई राह्यली. "आमच्या पित्या"च्या पुढं काईच नाई.

सोजराबाई : मलेई नाई. साबन, पानी, साबन, पानी, एवढंच चालू हाय डोक्यात. शालू, एक सांगू? भेशील तू.

शालिग्राम : अजून काय भेवाचं राह्यलं?

सोजराबाई : नाताळापासून मी रोज गुडघे टेकले, पन कोनी ऐकून राह्यलं असं वाटलं नाई. जसं काई देव आपल्या फाटकापर्यंत येते, पालथा रांजन पाह्यते अन् वापस जाते. अन् आता... आता माह्या पाठीमांग कोनीतरी वाकून पाहून राह्यलं असं वाटते. एवढ्या जवळून, का मांग पाहाची हिंमत नाई.

शालिग्राम : मांग मी हाय, बाई.

सोजराबाई : तू नाई बे. तुह्या तपकिरीचा वास मले दुरून वळखू येते.

शालिग्राम : असं बोलू नको. माह्या आंगावर काटा आला.

सोजराबाई : माह्याई. अजून एक बादली आन. अन् खोलीतून नाताळची उरलेली घोंगडी घेऊन ये, याले गुंडाळाले.

शालिग्राम : तीच घोंगडी? बाई, जीप आली! त्याच्या मांग कुलदीप बी हाय. आता मेलो आपून.

(गफ्फारची जीप फाटकातून आत येते. मागोमाग कुलदीपची मोटारसायकल. रस्त्यावर आता बरीच माणसं जमली आहेत.)

कुलदीप : ओ काका, हे काय करून राह्यले तुमी? याले नागडा करून पानी ओतलं? मी याले सावलीत ठेवून गेलो होतो, तुमच्या बाप्तिस्म्याले नाई!

शालिग्राम : कुलदीपभाऊ, दवाखान्यातून फोनवर सांगतलं हो. पाया पडतो तुमच्या, आमचं काई...

सोजराबाई : पाया मंग पड, शालू. आधी मोतीरामचे पाय उचल. गफ्फार, हाताले ही पन्नी घाल अन् डोक्याकडून धर. कुशीवरच ठेवा त्याले, ओकारी आली तं वाट राह्यली पाह्यजे. कुलदीप, जनकाबाईले निरोप धाडला काय? याची बायको कोनाच्या वावरात निंदाले गेली असन.

कुलदीप : धाडला. येईन ती गावातून. मी बसतो जीपमंधी.

सोजराबाई : मोटारसायकल काऊन सोडून चालला?

कुलदीप : डोकं गरगरून राह्यलं थोडं. धावपळ झाली नं.

सोजराबाई : इकडं पाह्य. असा नाई, माह्याकडं पाह्य. तुह्या तोंडातून लाळ गळून राह्यली, पोरा.

कुलदीप : घाम हाय.

सोजराबाई : घाम काय हनुवटीवरून तार धरते? अन् ही पाठ? याले पाठीवर आनलं तू. त्याच्या सदऱ्यातलं जहर तुह्या शर्टात उतरलं.

कुलदीप : मावशी... मले बी होईन काय तसं?

सोजराबाई : होऊन राह्यलं. शर्ट काढ अन् बैस त्या गोट्यावर. गफ्फार जीप वळवते, तेवढ्यात दोन बादल्या होतात.

कुलदीप : इथं? साऱ्या गावासमोर? नाई, नाई. दवाखान्यात धुतीन ते.

सोजराबाई : दवाखाना बुलढान्यात हाय, अन् जहर तुह्या पाठीवर.

कुलदीप : लोकं काय म्हनतीन, मावशी? मी घंटा काढली तुमची. मी काय काय बोललो इथं उभं राहून. माहा बाप मले घरात घेईन काय?

सोजराबाई : जिता राह्यला तं घेईन.

शालिग्राम : भाऊ, फाटक लावू काय? कोनी पाहू नाई म्हनून म्हनतो.

सोजराबाई : लावू नको रे. फाटक लावलं तं लोकं फटीतून जास्ती पाह्यतीन. तू बादली आन.

शालिग्राम : आनली. बाई, तू राह्य. पानी मी ओततो. तू साबन लाव.

कुलदीप : काका, तुमचे हात कापून राह्यले.

शालिग्राम : हाव. कापतेत. बैस तू.

कुलदीप : मावशी, पन एक. तोंडानं काई म्हनू नका बरं. प्रार्थना-बिर्थना काईच नाई.

सोजराबाई : नाई म्हनत.

कुलदीप : मनात बी नाई.

सोजराबाई : मनाचं काई सांगता येत नाई, बाबू. त्याले भेव लागलं का ते आपलंआपन म्हनते. मान खाली कर. अशी. अन् आता डोळे मीट, साबन जाईन.