सुधामावशींचं मत

चूक माझीच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी दया यायला नको. मी मूळचा मिरजेचा. लंडनमधल्या ईलिंगला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तिथल्याच नर्स सुधामावशींनी पहिल्याच दिवशी डबा पुढे केला, म्हणाल्या, खा रे, वाळलास तर तुझी आई मला बोलेल. त्याच मावशी म्हातारपणी, काय सांगू तुम्हाला, इंग्रजी विसरत चालल्या. एकेक शब्द गळत गेला, उरली फक्त मराठी. आमच्या मराठी मंडळाचं हॉलवर बुधवारचं जेवण असायचं, तेवढं एक ठिकाण, तिथे त्या बोलायच्या, मला चिडवायच्या.

मग मंडळाची निवडणूक आली. एकीकडे बुधवार चालू ठेवू म्हणणाऱ्या शैलाताई, दुसरीकडे हॉल सोडून देऊ म्हणणारे एक डॉक्टर. मावशींचं हिपचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी त्यांच्या वतीने मत टाकायचा प्रॉक्सीचा फॉर्म माझ्या हातात दिला, शैलाला टाक रे, एवढंच म्हणाल्या. पण डॉक्टर मला म्हणाले होते, मी आलो तर सेक्रेटरी तुम्हीच. मी दोन्ही मतं डॉक्टरांना टाकली, माझं आणि मावशींचं. शैलाताई एका मताने पडल्या. एका.

मी सेक्रेटरी झालो, बुधवार बंद झाला. मावशी केअर होममध्ये गेल्या. तिथे पाणी द्या म्हणायच्या, कुणाला कळायचं नाही.

पुढे माझी मुलगी ए-लेव्हलसाठी, म्हणजे आपल्या बारावीसाठी, जुन्या अमेरिकेतल्या एका निवडणुकीवर निबंध लिहीत होती. केंटकी तेव्हा सरहद्दीवरचं राज्य, तिथल्या लोकांना जो नको होता त्यालाच त्यांच्या प्रतिनिधींनी प्रेसिडेंट व्हायला मत दिलं. ती म्हणाली, बाबा, लोकांचं वोट दुसऱ्यालाच दिलं, दॅट्स सो अनफेअर, आणि त्या प्रतिनिधींचा लीडर मग काय झाला, गेस करा. सेक्रेटरी! म्हणजे तिकडचा मिनिस्टर. ती हसली.

दुसऱ्याच दिवशी मी सेक्रेटरीचं पद सोडलं, पण हॉल गेला तो गेलाच. तेव्हापासून दर बुधवारी मावशींकडे जातो. त्या पाणी मागतात, मी देतो. मग विचारतात, शैला आली ना रे निवडून? पहिल्या वेळी पाय धरून खरं सांगितलं, खूप रडल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा तोच प्रश्न, सगळं विसरलेल्या. खोटं सांगवत नाही हो, खरं सांगितलं की त्या नव्याने रडतात. कालही विचारलं. मी म्हटलं, नाही मावशी, तुमचं मत मी खुर्चीसाठी फिरवलं, मला माफ करा.