अण्णाचा लाडका आकडा

कॉफी घ्या, पण आधी अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, फोनचं ऐका. अण्णा गेल्यावर आईला एकच हवं होतं, त्याचा आवाज. विसरू नये म्हणून तो रोजची कामं फोनमध्ये बोलून ठेवायचा. पण फोनला सहा आकड्यांचं कुलूप होतं.

"मला ठाऊक आहे!" म्हणत मी वहिनीच्या हातातून फोन ओढला आणि दाबलं, १४२८५७. हा अण्णाचा लाडका आकडा. दोनापासून सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमाने येतात, सुरुवात तेवढी बदलते. आपल्या देवळाभोवती फिरणारा रथ कुठल्याही कोपऱ्यावरून बघा, रस्ते तेच चार, तसं. साताने गुणलं की मात्र सगळे नऊ.

फोन उघडला नाही.

"भावजी, थांबा!" वहिनी म्हणाली. "सगळ्यांचे वाढदिवस मी घालून पाहिलेत. आता एकच प्रयत्न उरलाय, तो चुकला की सगळं पुसलं जाईल."

आईने विचारलं, "तो आकडा शिकवताना काय म्हणाला होता रे?"

"नेहमीचंच. रवी, तुला सगळं दोनदा सांगावं लागतं डा." त्याचं ते तमिळ 'रे'ही मी तसंच म्हटलं.

बोललो आणि थबकलो. बोटांवर आमच्या तमिळमध्ये मोजत मी तो आकडा दुप्पट केला. २८५७१४. फोन उघडला.

शेवटचा निरोप अण्णाने स्वतःसाठीच ठेवला होता. "रवीला स्कूटरचे ब्रेक बघून घ्यायला सांगायचं. दोनदा सांगायचं."

आई म्हणाली, "परत लाव."

मी लावला. पहिल्याच वेळी ऐकलं होतं मी, पण आता ते कुणाला सांगू?