सहा मिलीमीटरची भिंत

(चोपड्याकडच्या एका नळयोजनेचं ऑफिस, भरदुपार. अभियंता हितेंद्र खुर्चीसकट खाली पडलाय, ओठ फाटलाय. समोर गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष सुपडू, हातात कुऱ्हाड.)

सुपडू : ऊठ! निजीसन मार खाशी का? ऊठ, तुना बी जबडा फोडसू!

हितेंद्र : आबा, कुऱ्हाड खाली ठेवा. तुमच्या सुकलालला मीच गाडीत घातलं, जळगावला दवाखान्यात पाठवलं...

सुपडू : मना पोऱ्यानं नाव घेऊ नको! पाईपाले कान लाईसन बठेल व्हता, पाणी येस का ऐकाले. फाट्‌कन फुटना पाईप. जबडा गया, एक डोळा गया! तुन्ही योजना, तुना पाईप. आते तू मरशी.

हितेंद्र : मारायचंच तर मारा. पण पाईप जॉइंटातून सुटला की उभा चिरला?

सुपडू : चुलीत गया तुना जॉइंट! हाई घे! (कुऱ्हाडीचा दांडा हाणतो.)

हितेंद्र : आई गं! हात... हात मोडला माझा. सांगा ना आबा, उभा की आडवा?

सुपडू : उभा. दोन हात लांब फाटना.

हितेंद्र : म्हणजे भिंत कमी पडली. पाणी पाईपाला आतून फुगवतं, गोलाईला ताण देतं. दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट, एवढा ताण. नाल्यात चौरस सेंटीमीटरला सात किलो दाब येतो, म्हणून तिथे मी दहा किलोचा पाईप लिहिला, सहा मिलीमीटर जाडीचा. तो फाटायचा नाही.

सुपडू : खोटं बोलस! तठे चार किलोना व्हता, अडीच मिलीमीटरना. मीच टाकाले लावा!

हितेंद्र : तुम्ही?

सुपडू : मंग! दहा किलोना बठ्ठा वर, टाकीजोडे लावा. केळीना वावरमा मोटरजोडे जाड पाईप लावतस, दूर पातळ. पाणी जठून निघस तठेच जोर ऱ्हास. तीस वरीस हाईच करी ऱ्हायनू मी!

हितेंद्र : मोटर पाणी ढकलते, आबा. इथे मोटर कुठाय? टाकी टेकडीवर, तिथे दाब जवळपास नाहीच. सत्तर मीटर उतरून नाल्यात आलं की सात किलो. वॉल्व्ह झटक्यात बंद झाला की क्षणभर त्याच्या दुप्पट. दहा किलोचा पाईप तेवढा झटका सोसतो. चौदा किलोपुढे तुमची अडीच मिलीमीटर.

सुपडू : तोंड बंद कर! कापसू मी तुले!

हितेंद्र : कापा! चूक माझीही आहे. पाईप जोडले त्या दिवशी मी नाल्यात उतरलोच नाही. उन्हाचा कंटाळा केला अन् इथे बसून तपासणीची सही ठोकली. उतरलो असतो तर पाईपावर छापलेला आकडा दिसला असता.

सुपडू : सुकलालनी वाचा व्हता तो आकडा.

हितेंद्र : काय?

सुपडू : म्हने, बाबा, साहेबना कागदवर उलटं शे. मी चार लोकसमोर त्याले थापड मारी. मी म्हनं, पाईप लावानं तू माले शिकाडस का? मंग त्यानीच उचलीसन लावा, गुपचूप.

हितेंद्र : आबा, बसा खाली.

सुपडू : बसत नही. जळगावले चाल मनासंगे. तुना हात बी तठेच बांधतीन.

हितेंद्र : मी कशाला?

सुपडू : पोऱ्या जागा व्हयना का इचारी, कसा फुटना. मना तोंडमातून शब्द निघाव नही.

हितेंद्र : येतो. सहीचं मी सांगेन. पाईपाचं तुम्हालाच सांगावं लागेल.

सुपडू : सांगसू. पण साहेब, त्याना जो डोळा शाबूत शे, त्या बाजूले माले उभं ऱ्हावू नको देजो.