राणीच्या बाजूचा माईक

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई, व्यासपीठावरचे प्रकाशक महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले दादा, त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची कन्या, आणि आजवर दादांना फक्त कानांनी भेटलेले रसिक श्रोतेहो,

मी ध्वनिमुद्रक. काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांचं बोलणं टिपायचं, हे माझं काम. दादांच्या आवाजाविषयी आधीचे वक्ते भरभरून बोलले, त्यात मी काय भर घालणार? पण ‘नक्षत्रगड’च्या पूर्वकथेचं ध्वनिमुद्रण चाललं होतं तेव्हा काय घडलं, ते मात्र मलाच सांगावं लागेल. दादांना विचारलं. म्हणाले, “सांग, पण मीठमसाला लावू नकोस.”

‘नक्षत्रगड’ कोणाला ठाऊक नाही? ताऱ्यांमधली ती राज्यं, त्या लढाया, आणि ती राणी. पहिल्या भागापासून आमच्या ध्वनिपुस्तकांत निवेदन आणि सगळी पुरुषपात्रं दादांची, राणी वहिनींची. वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसायची, मध्ये दोन माईक. भाजी कोणी आणायची यावरून घरी सुरू झालेला वाद कधीकधी राणी आणि सेनापतीच्या संवादात उतरायचा. श्रोत्यांना वाटायचं, काय अभिनय आहे.

वहिनी गेल्या, आणि वर्षभरात पूर्वकथा आली. प्रकाशक महोदय मोठ्या मनाने ऐकून घेतील, पण पुस्तक फसलेलं होतं. राणी कुठून आली, तिच्या तळहातावर तो डाग कसला, यावर वाचकांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले. आणि निघालं काय? लहानपणी इंजिनाच्या तापलेल्या झाकणाला हात लागला होता. दादा पान मिटून म्हणाले, “सगळं समजावून सांगितलं, आणि बाईचं पार वाटोळं केलं.”

राणीचे संवाद नंतर नवी अभिनेत्री म्हणणार होती. दादांनी फक्त आपला भाग वाचायचा होता. तरी ते म्हणाले, “समोरचा माईक राहू दे. नाहीतर खोली अंगावर येते.” मी राहू दिला.

पहिल्याच प्रकरणात राजकन्येचं, म्हणजे लहान वयातल्या राणीचं, वाक्य आलं. दादा थांबले. मला वाटलं, नव्या अभिनेत्रीच्या वाक्यासाठी जागा सोडताहेत. पण नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, मान किंचित कललेली. मग त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. माझी नजर सहज आवाजाच्या मीटरकडे गेली. समोरच्या माईकचा काटा हलत होता.

आता मी या धंद्यात मुरलेला माणूस. काटा हलायला शंभर कारणं असतात. वायर बदलली. माईक बदलला. पंखा बंद केला, वातानुकूलन बंद केलं, घामाघूम होऊन बसलो. निवेदन चालू असताना काटा मेल्यासारखा पडून राही. राजकन्येची पाळी आली की उठे. वाक्य लांबलचक असलं की बराच वेळ हले, एका शब्दाचं असलं की एकदाच उसळून खाली येई. ध्वनिमुद्रण लावून ऐकलं, तर आवाज नाही. तिथेही काटा मात्र हलतोय.

मंडळी, भीती वाटली का? वाटली. कानात हेडफोन, त्यात नुसती शांतता, आणि ती शांतता कोणाच्या तरी श्वासापुरती थांबते असं वाटायचं.

मग दादांची उत्तरं बदलायला लागली. पुस्तकात राजकन्या म्हणते, “नियतीने मला निवडलं आहे.” त्यावर सेनापतीने तिला मुजरा करायचा. दादा थांबले, काटा हलला, आणि दादा हसून म्हणाले, “बरं, नको म्हणूस. मलाही ते वाक्य आवडलेलं नाही.”

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, ठरवूनच. “बाबांना मी घरी नेते. हे थांबवा, काका.” मी म्हटलं, “एक प्रकरण बघ, मग ने.” ती माझ्या शेजारी उभी राहिली. राजकन्येचं वाक्य आलं. काटा अगदी क्षीण हलला. ती काचेजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “माईक जरा खाली घ्या. आई बुटकी होती.”

मी आत जाऊन माईक खाली घेतला. त्यानंतर काटा नीट उठला. पोरगी माझी बाही धरून बसली. तिला काही ऐकू आलं नाही, मलाही नाही. ऐकत होते ते एकटे दादा.

शेवटच्या प्रकरणात राजकन्या कायमची घर सोडून यानात बसते. छापील वाक्य आहे, “मी जाते.” त्यावर सेनापतीचं पानभर भाषण. दादा थांबले. काटा हलला. दादांनी पुस्तक बाजूला सारलं आणि घरातल्या आवाजात म्हणाले, “जाते म्हणू नये. येते म्हणावं.”

काटा एकदा उठला, एका शब्दापुरता, आणि खाली बसला. आम्ही वाट पाहिली. दादांनी उरलेली पानं वाचली, पण तो पुन्हा हलला नाही. मग दादा स्वतः उठले आणि समोरच्या माईकचं बटण त्यांनी बंद केलं. बाहेर येऊन मुलीला म्हणाले, “भूक लागलीय गं.” वहिनी गेल्यापासून हे त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं.

पुस्तकाला लोकांनी नावं ठेवली, ठेवायलाच हवी होती. सेनापतीची उत्तरं छापील पुस्तकाशी जुळत नाहीत, अशीही तक्रार आली. मालकीणबाईंनी मला बोलावून विचारलं, “ही दुरुस्त करायची का?” मी सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “राहू द्या.” पुढच्या भागासाठी दादांना पुन्हा विचारणा झाली, ती त्यांनी हसत नाकारली. म्हणून आजचा हा समारंभ.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, प्रकाशकांनी निंदा हसून ऐकली, आणि तुम्ही सगळे एवढा वेळ इतके शांत बसलात, याबद्दल मी ऋणी आहे. शांत बसलेल्या खोलीची मला अजून थोडी धास्ती वाटते, त्यामुळे आवाज कुठे चढला, कुठे कापला असेल. तेवढं पोटात घाला, आणि आता दादांसाठी चांगल्या जोरात टाळ्या वाजवा.